परक्यांसाठी बावीस

मस्कतच्या वादी कबीर भागातल्या आमच्या इमारतीत त्यांना सगळे ‘अठ्ठावीस’ म्हणत. हे नाव मी ठेवलं होतं. गाला भागातल्या ज्या कंपनीत आम्ही दोघे होतो ती बंद पडली, इमारत रंग बदलून वेगळीच दिसायला लागली, ते स्वतः नोकरी संपवून देवरुखला गेले, पण नाव इथे मस्कतात राहिलं. ज्यांनी त्यांना कधी पाहिलं नाही अशी मुलंसुद्धा चिकट माणसाला ‘काय अठ्ठावीस आहे’ म्हणतात.

इथल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेच्या संपादकबाईंचा फोन आला. “काका, यंदा अठ्ठावीसांवर लिहा ना. तुमची ती नक्कल अजून आठवते हो. गमतीदार लिहा.” मी हो म्हटलं. गमतीदारच लिहितो, कारण माणूस गमतीदार होता. फक्त त्या नकलेत एक गोष्ट मी उलटी करून सांगितली होती, ती इथे सुलटी करणार आहे. ज्यांना नुसतं हसायचं आहे त्यांनी रिमोटचा किस्सा झाला की पान उलटावं.

अठ्ठावीस म्हणजे त्यांच्या घरच्या ए.सी.चं तापमान. त्याच्या खाली आकडा गेला की ते घराण्याला बट्टा लागल्यासारखे अस्वस्थ होत. आता हा माणूस पेशाने कोण? तर ए.सी. विकून बसवून देणाऱ्या कंपनीचा सर्व्हिस सुपरवायझर. दिवसभर लोकांची घरं गार करायची आणि संध्याकाळी घरी येऊन बनियनवर बसायचं. बरं, गिऱ्हाइकांनाही सोडत नसत. मशीन बसवून झालं की त्या गृहस्थाला बाजूला घेऊन सांगत, “चोवीसच्या खाली नेऊ नका. मशीन तुमचं आहे म्हणून काय झालं, बिल पण तुमचंच आहे.” मी सेल्समध्ये होतो. मी दोन टनाचं मशीन गळ्यात मारून यायचो आणि हे मागून जाऊन सांगायचे की दीड टनात भागलं असतं. एकदा अर्बाबनेच, म्हणजे आमच्या ओमानी मालकाने, त्यांना विचारलं, “तू माझा माणूस आहेस की वीज कंपनीचा?” हे म्हणाले, “अर्बाब, मशीनचा.” अर्बाब हसला आणि त्यांची पगारवाढ विसरला.

रिमोट त्यांच्या शर्टाच्या खिशात असे. पेन ठेवतात तिथे. देवळात, भाजी बाजारात, शाळेच्या पालकसभेत, कुठेही. एका जूनमध्ये ते गावी रजेवर गेले ते रिमोट खिशात घेऊनच. विमान उडाल्यावर घरी वहिनींच्या लक्षात आलं. मी समोरच्याच फ्लॅटमध्ये राहत होतो आणि आमचं मशीन त्याच कंपनीचं होतं. वहिनी दारात आल्या आणि म्हणाल्या, “भावोजी, तुमचा रिमोट द्या जरा. माझं माहेर उघडायचंय.” पुढचा महिनाभर त्या घरात बावीस होतं. इमारतीतल्या बायका दुपारचं निवडण-टिपण घेऊन तिथेच बसत. ते परत यायच्या आदल्या दिवशी वहिनींनी ए.सी. बंद करून सगळ्या खिडक्या उघडल्या, रिमोट मला आणून दिला आणि चेहरा साळसूद केला. हे घरात आले, बॅग खाली ठेवली आणि पाणी मागायच्या आधी हॉलच्या भिंतीवर तळवा टेकवला. जरा वेळ तसेच उभे राहिले.

“भिंत गार आहे,” म्हणाले.

वहिनी म्हणाल्या, “अहो, तुम्ही नव्हतात म्हणून.”

तुम्हाला वाटेल, माणूस कंजूस होता. मीही तेच सांगत फिरायचो. पण कंजुषीला एक सरळपणा असतो, तो यांच्यात नव्हता. यांच्याकडे शास्त्र होतं. उदाहरणार्थ, गिझर. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापतं की आंघोळीला घेता येत नाही, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. म्हणून उन्हाळ्यात सगळेच गिझर बंद करतात. तो घरात गारव्याला असतो, त्यातलं पाणी त्यातल्या त्यात निवतं. मग गरम पाण्याच्या नळाला गार पाणी आणि गारच्या नळाला उकळतं. आम्ही हे करून विसरून जायचो. ते मात्र समारंभ करत. गिझरचं बटण स्वतः बंद करायचं, न्हाणीघराच्या दारात उभं राहून “आजपासून उलटं” असं जाहीर करायचं. त्या दिवशी वहिनींना गोड करावं लागे. पुण्याहून आलेले त्यांचे एक चुलत साडू ही घोषणा झाली तेव्हा झोपले होते. सकाळी निळा नळ सोडून खाली बसले आणि जे उठले ते थेट बाल्कनीत आले. हे शांतपणे म्हणाले, “सांगितलं होतं.”

ए.सी.तून टपकणारं पाणी बाल्कनीतल्या बादलीत पडे. त्यावर तुळस, त्यावर इस्त्री, त्यावर गाडीची काच. “हे डिस्टिल्ड आहे,” असं ते पाहुण्यांना अत्तर दाखवावं तसं बोटाला लावून दाखवत.

पण सगळ्यात मोठं शास्त्र पाहुण्यांचं. घरचा माणूस असेल तर अठ्ठावीस, परका असेल तर बावीस. परक्याला घाम आणायचा नाही आणि घरच्याला गारवा देऊन लांब करायचं नाही, असा तो नियम होता. अर्बाब दिवाळीला आला की बावीस. विमा एजंट आला की बावीस. वहिनींचा भाऊ आला की पंचवीस, आणि वहिनी त्यावरून दोन दिवस बोलत नसत. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला बावीस मिळालं होतं आणि मी खूश झालो होतो. पुढे माझी बायको बाळंतपणाला गेली, मी त्यांच्याकडे जेवायला लागलो, तेव्हा पंचवीसवर आलो. आणि एके दिवशी मी सोफ्यावर बसलो तरी त्यांचा हात खिशाकडे गेलाच नाही. मी घामाघूम. वहिनी ताट वाढताना म्हणाल्या, “झालात एकदाचे घरचे. टॉवेल देऊ का?”

ते मला त्या दिवसापासून ‘तू’ म्हणायला लागले. मी मात्र शेवटपर्यंत ‘साहेब’च म्हणत होतो.

मुलगा त्यांचा एकुलता एक. याच वादी कबीरच्या शाळेत शिकला, मराठी अडखळत बोलायचा आणि वडिलांपुढे इंग्रजीही अडखळतच बोलायचा. अठ्ठावीस डिग्रीत अभ्यास करून तो इंजिनीअर झाला, ब्रिटनला गेला, लग्न केलं, लेस्टरमध्ये घर घेतलं. भिंतीला भिंत लागून दोन घरं असतात ना, त्यातलं एक. हे दोघे घर बघायला गेले ते वसंतात, आणि परत आल्यावर माझ्याकडे बसून तीन तास बोलले. त्यातला राणीच्या राजवाड्याच्या वाटणीला आलेला वेळ म्हणजे “बघितला.” बाकी सगळं घराच्या यंत्रांबद्दल. प्रत्येक खोलीत रेडिएटर, त्यावर हात ठेवून हे नाडी बघितल्यासारखे बसून असायचे. स्वयंपाकघराच्या खिडकीत एक छोटा पडदा, घरात वीज आणि गॅस किती जळतोय ते दाखवणारा. कमी असेल तर हिरवा, जास्त झालं की लाल. सुनेने चहाला किटली लावली की पडदा लाल व्हायचा आणि मुलगा वरच्या खोलीतून ओरडायचा, “रेड झालं!”

“माझ्यावर गेलाय,” असं म्हणताना त्यांचे डोळे भरून आले होते. खोटं नाही सांगत.

त्याच मुक्कामात यांनी एका सकाळी उठून बॉयलरचं बटण बंद केलं. मे महिना लागला होता. सवय! न्हाणीघरासमोर उभं राहून “आजपासून उलटं” म्हणाले. लेस्टरमध्ये काही उलटं होत नाही. सून केसांना शाम्पू लावून बर्फाच्या पाण्याखाली किंचाळली. मुलाने काय करावं? बटण चालू केलं आणि म्हणाला, “पण बाबा, आयडिया वाईट नाही.”

निघायच्या आधी हीटिंग चालवायचं अ‍ॅप यांनी हट्टाने स्वतःच्या फोनवर घेतलं. “मशीन कुठलंही असो, सेटिंग मला दिसलं पाहिजे.” आणि मग सुरू झालं ते आम्हा सगळ्यांच्या करमणुकीचं पर्व. वादी कबीरमध्ये बनियनवर बसलेला हा माणूस फोनकडे बघून सांगायचा, “लेस्टरला हॉल सतरा. कोणीतरी दार उघडं टाकलंय.” नाही तर, “आता सूनबाई वर गेल्या. बेडरूम चढतेय.” आम्ही म्हणायचो, साहेब, हे घर आहे की तुमची साइट? ते म्हणायचे, “साइटच. पण कंप्लेंट येत नाही हो तिथून.”

त्या हिवाळ्यात मी एका संध्याकाळी त्यांच्याकडे बसलो होतो. चहा नुकताच झाला होता, कप समोर होते. त्यांच्या फोनवर सुनेचा निरोप आला. मोठ्याने वाचायची सवय त्यांना: “चहा झाला का बाबा?” मग चष्मा चढवला, अ‍ॅप उघडलं, बोटाने काहीतरी वर सरकवलं आणि फोन ठेवला. उत्तर दिलंच नाही.

मी म्हटलं, “साहेब, चहा झाला म्हणून कळवा तरी.”

“कळवलं की. एकवीस केलं.”

मला कळेना. मग त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं. सूनबाईंना सातवा महिना. घरून काम करतात. चिरंजीव ऑफिसात बसून फोनवरून हीटिंग सोळावर ठेवतात. वर व्याख्यान देतात की आम्ही मस्कतला अठ्ठावीसला राहायचो, सवय होते, आणखी एक स्वेटर घाल. हीटिंग कमी-जास्त करायच्या भिंतीवरच्या चकतीला तिने हात लावला तर त्याला फोनवर दिसतं, संध्याकाळी बोलणी. म्हणून पाय गार पडले की ती सासऱ्यांना चहाचं विचारते आणि सासरे वादी कबीरमधून तिचं घर गरम करतात.

“आणि त्याला दिसत नाही?”

“दिसतं ना, बाबांनी वाढवलं म्हणून. फोन करतो, ‘बाबा, तुम्ही कशाला टच करता?’ मी सांगतो, टेस्टिंग. त्याला पटतं. घरात म्हातारा जरा खुळा असला की बाकीच्यांची सोय होते.”

“सरळ सांगा ना त्याला. की वाढव म्हणून.”

त्यांनी चष्मा काढून टीपॉयवर ठेवला. “कोणत्या तोंडाने? सोळा त्याला कोणी शिकवलं?” आणि मग माझ्याकडे बोट करून, “मेल्या, हे पोटात ठेव. त्याला कळलं तर तिला ऐकून घ्यावं लागेल.”

मी मान डोलावली. माझ्या पोटात ठेवलेली गोष्ट तोंडावाटे, तीही रंगमंचावर, बाहेर येते हे त्यांना माहीत असायला हवं होतं. मंडळाचा नकलाकार मीच होतो. संक्रांतीच्या तिळगुळाच्या कार्यक्रमात दरवर्षी माझा अर्धा तास ठरलेला असे, आणि त्या वर्षी माझ्याकडे नवीन काही नव्हतं. मी ‘अठ्ठावीस आणि लेस्टरची सून’ बसवली. आता, अठ्ठावीस नावाच्या माणसाने सुनेसाठी हीटिंग वाढवलं, यात हसण्यासारखं काय आहे? काही नाही. म्हणून नकलेत मी त्यांना हीटिंग कमी करायला लावलं. खिशातून रिमोट काढायचा, चष्मा चढवायचा आणि त्यांच्याच आवाजात: “सूनबाई, थंडी वाजते? मग जिने चढा-उतरा! पोटातल्याला पण सवय होऊ दे!” पोटातल्याला सवय, यावर तर लोक खुर्चीवरून घसरत होते. आणि प्रत्येक वेळी त्याची सुरुवात सुनेच्या आवाजात: “चहा झाला का बाबा?” हे वाक्य मी बदललं नाही. फार गोड वाक्य होतं, सोडवलं नाही.

ते पुढे बसले होते. रिमोट काढला तेव्हा हसले, चष्मा चढवला तेव्हा टाळी दिली. सुनेचा आवाज काढला आणि ते हसायचे थांबले. मला दिसलं. पण बाकीचं सभागृह हसत होतं, मी सभागृहाकडे बघितलं.

कोणीतरी फोनवर ते टिपलं होतं. मस्कतात फिरून ते मुंबईला गेलं आणि मुंबईहून लेस्टरला. मुलाने बायकोच्या फोनवर ते चहाचं वाक्य कितीदा पाहिलं होतं, आणि सासऱ्यांची किती काळजी घेते म्हणून कौतुकही केलं होतं. आता त्याने वेळा जुळवल्या. त्याने आधी बायकोला विचारलं, तिने विषय बदलला. मग वडिलांना फोन केला. ते काय बोलले ते मला वहिनींनी जिन्यात सांगितलं, माझ्याकडे न बघता.

“म्हणाले, तिचा काही संबंध नाही. तो नकला करणारा माणूस आहे, पदरचं घालतो. हात मीच लावत होतो, खोड आहे मला. तर तो म्हणाला, ‘बाबा, इट्स माय हाउस.’ आणि काढून टाकलं त्यांना त्या अ‍ॅपातून.”

“साहेब काय म्हणाले?”

“काय म्हणणार? सकाळी उठून फोन उघडतात, तो पासवर्ड मागतो. पुन्हा ठेवून देतात.” मग दोन पायऱ्या उतरून वळल्या. “तिचे पाय सुजलेत हो भावोजी. गार पण पडतात आणि सुजतात पण.”

मी त्यांच्याकडे गेलो तो माफी मागायची असं घोकून. दार त्यांनीच उघडलं. “या, बसा ना,” म्हणाले. इतक्या वर्षांत मला कोणी तिथे ‘बसा’ म्हटलं नव्हतं. मी माझ्या नेहमीच्या जागेवर बसलो. त्यांनी खिशातून रिमोट काढला, मशीनकडे धरला आणि बटण दाबलं. टिक. मग पुन्हा. सावकाश, एकेक डिग्री, मला मोजता येईल अशी. बावीसला थांबले आणि रिमोट माझ्यासमोर टीपॉयवर ठेवला.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात आल्या. “अहो, हे काय करताय? गारठतील ते.”

“पाहुणे आहेत,” ते म्हणाले. “चहा घेणार ना तुम्ही?”

माफी मागायची राहूनच गेली. चहा घेतला. सेल्स कसा चाललाय ते त्यांनी विचारलं, बरा चाललाय म्हणून मी सांगितलं. निघालो तेव्हा दारापर्यंत पोचवायला आले. घरचा माणूस होतो तेव्हा कधी आले नव्हते.

त्यानंतर ते काही काळच मस्कतात होते. दरम्यान गावभर एक गोष्ट पसरली, की अठ्ठावीसांनी म्हणे गरोदर सुनेला गारठवलं म्हणून मुलाने त्यांना तोडलं. माझी नक्कल होती, तिची बातमी झाली. ती खोडायला एकच माणूस होता आणि तो गप्प बसला. गप्प बसला म्हणणंही सौम्य झालं. लोकांनी मागितली म्हणून त्याने ती नक्कल पुढच्या संक्रांतीला पुन्हा केली. तोपर्यंत ते देवरुखला गेले होते, त्यामुळे पुढे बघायला अडचण नव्हती.

आता मी मस्कतातच, मदिनत सुलतान काबूस भागात मुलीकडे राहतो. तिच्या घरी ए.सी. रिमोटने चालत नाही, बोलण्यावर चालतो. मी त्याला माझ्या इंग्रजीत सांगितलं की तो “सॉरी” म्हणतो आणि आहे तसाच राहतो. नातवंडांनी एकोणीस लावलेलं असतं. मी मस्कतच्या उन्हाळ्यात स्वेटर घालून बसतो आणि मला भेटायला येणारे म्हणतात, काय मजा आहे तुमची.

तिथेच परवाच्या सुट्टीत लेस्टरची सून आली. भारतात जाता जाता मस्कतला उतरली होती. नवरा मुलीला आपली वादी कबीरची शाळा दाखवायला गेला होता, ही पत्ता विचारत टॅक्सीने माझ्याकडे. बसली, स्वेटरकडे बघितलं आणि म्हणाली, “तुमची नक्कल छान होती काका. बाबांचा आवाज अगदी हुबेहूब. शब्द मात्र तुमचे.”

मी स्वेटरची बाही खाली ओढली.

“मी सांगून टाकलं त्याला,” ती म्हणाली. “गेल्या हिवाळ्यात. खूप भांडलो. मग त्याने घर वीसवर नेलं. बाबांना परत अ‍ॅपमध्ये घेतलंय. पण ते हात लावत नाहीत आता. नुसते बघतात.” तिने पर्स मांडीवर घट्ट धरली. “इथे आल्यापासून मला सगळ्या जणी विचारतात, काय गं, तुला गारठवणारे सासरे कसे आहेत? हे तुमचं काम आहे, काका. तुम्ही निस्तरा.”

म्हणून हे लिहिलं. संपादकबाईंना जमलं तर पहिल्या पानावर टाकावं, शेवटी नको. शेवटपर्यंत कोणी वाचत नाही.

जाताना ती दारात थांबली. “बाबांचा निरोप आहे तुम्हाला. म्हणाले, देवरुखच्या घरात ए.सी. नाही म्हणून सांग. परक्या माणसाची सोय होणार नाही.”

“म्हणजे येऊ नको?”

“मला काय माहीत? त्यांची नक्कल तुम्ही करता. तुम्हीच ओळखा.”

मी मे महिन्याचं तिकीट काढलं आहे. मुलगी म्हणाली, “बाबा, मेमध्ये कोकणात? घामाने भिजून निघाल.”

म्हटलं, टॉवेल देतील ना वहिनी.